जुने कॅबिनेट, नवा मदरबोर्ड : पुढचे पोर्ट चालू कसे करावेत?



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा नियमित आधार बंद केला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा, म्हणजे इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, असावा लागतो. त्यामुळे आपल्या पेढ्यांवर, गोदामांत आणि कारखान्यांच्या ऑफिसांत अनेकांनी एक मधला मार्ग काढला. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम नवे घेतले; कॅबिनेट, मॉनिटर आणि कीबोर्ड जुनेच ठेवले. हा विचार शहाणपणाचा आहे. लोखंडाचा डबा काही शिळा होत नाही.

परंतु काम पूर्ण झाल्यावर एक तक्रार हमखास ऐकू येते. मशीन चालू होते, बिल निघते, पण कॅबिनेटच्या तोंडावरचे पोर्ट मेलेले असतात. पेन ड्राइव्ह लावला तर काहीच होत नाही, हेडफोन मुका राहतो. मिस्त्रीला विचारावे तर तो म्हणतो, "चाचा, डबा जुना आहे, बोर्डाला जुळत नाही. नवा घ्यावा लागेल." बहुतेक वेळा तशी गरज नसते. जुळत नाही ती वायरीच्या टोकाची खोबण आणि बोर्डावरच्या पिना. त्या जुळवता येतात, आणि त्यासाठी लागणारे सामान अगदी किरकोळ असते. ही जुळवणी कशी करायची आणि कोठे हात आखडता घ्यायचा, हे या लेखात सांगायचे आहे.

पुढच्या पोर्टाचे महत्त्व

पुढचे पोर्ट ही शोभेची वस्तू आहे असे कोणी समजू नये. दुकानात कॅबिनेट बहुधा टेबलाखाली, भिंतीला टेकलेले असते. मागच्या पोर्टाला हात घालायचा तर गल्ल्यावरचा माणूस उठवावा लागतो. संध्याकाळी हिशेबाची नक्कल पेन ड्राइव्हवर घेणे, जीएसटीच्या कामासाठी डिजिटल सहीचे टोकन लावणे, डिझाइन करणाऱ्याने आणलेली फाइल उघडणे, ही सगळी कामे पुढच्या पोर्टावर चालतात.

पोर्ट बंद पडला की पहिला बळी नकलेचा जातो. आज राहू दे, उद्या घेऊ, असे करता करता महिने जातात. एके दिवशी हार्ड डिस्क बसते आणि वर्षभराची उधारी तिच्याबरोबर बुडते. कोणाकडे किती ताके गेले, कोणाचे किती येणे आहे, याचा पुरावाच राहत नाही. पूर्वी वही भिजली तरी पाने सुकवून वाचता येत. येथे तीही सोय नाही. म्हणून या लहानशा छिद्राकडे दुर्लक्ष करू नये.

आधी मूळ गोष्ट समजून घ्या

कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात स्वतःची अक्कल नसते. तो नळाच्या तोटीसारखा आहे. पाणी टाकीत असते, टाकी म्हणजे मदरबोर्ड. तोटीपासून टाकीपर्यंत वायरीचा एक जुडगा जातो आणि त्याच्या टोकाची खोबण बोर्डावरच्या पिनांवर बसते. पिनांच्या या लहान गटाला हेडर म्हणतात.

ज्यांनी यंत्रमाग पाहिला आहे त्यांना हे सहज कळेल. मागावरचा बीम संपला की नव्या बीमाचे धागे जुन्या धाग्यांना एकास एक सांधावे लागतात. क्रम बरोबर असेल तर कापड पहिल्यासारखे निघते. दोन धागे इकडचे तिकडे झाले तर पट्टी बिघडते, पण त्यासाठी कोणी माग भंगारात घालत नाही. येथेही काम सांधणीचेच आहे. फरक इतकाच की काही धाग्यांतून वीज वाहते. ते धागे चुकले तर मात्र नुकसान होते.

कॅबिनेटमधून साधारण तीन जुडगे येतात : बटण व दिव्यांचा, यूएसबीचा आणि आवाजाचा. प्रत्येकाचा विचार वेगळा करावा.

हाताशी काय असावे

पहिली वस्तू म्हणजे बोर्डाची पुस्तिका. डब्याबरोबर मिळाली नसेल तर बोर्डावर मॉडेलचे नाव छापलेले असते, त्यावरून कंपनीच्या संकेतस्थळावरून ती फुकट उतरवता येते. तिच्यात प्रत्येक पिनेचा नकाशा असतो. अंदाज आणि पुस्तिका यांत फरक आढळला तर पुस्तिकाच खरी मानावी. या लेखातील क्रमही तिच्याशी ताडून घ्यावा.

त्याशिवाय एक साधा मल्टिमीटर, टॉर्च, चिमटा आणि एका टोकाला पिन व दुसऱ्या टोकाला खोबण असलेल्या जंपर वायरी लागतात. मुलांच्या शाळेच्या प्रकल्पांसाठी ज्या रंगीत वायरी मिळतात त्याच या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर त्या ढिगाने मिळतात, आणि इतर शहरांतही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात.

काम सुरू करण्यापूर्वी मुख्य वायर भिंतीतून काढावी. नंतर पॉवरचे बटण एकदा दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून मगच बोर्डाला स्पर्श करावा. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घेऊन ठेवावा.

बटण आणि दिवे

येथे भीती सर्वांत कमी आहे. आजच्या बहुतेक बोर्डांवर या कामासाठी दोन ओळींत नऊ पिना असतात आणि एका कोपऱ्यात दहाव्या पिनेची जागा रिकामी असते. ही रिकामी जागा म्हणजे आपली खूण. ज्या ओळीत ती आहे, त्या ओळीत तिच्या लगतच्या दोन पिना पॉवर बटणाच्या आणि त्यांच्या पलीकडच्या दोन पॉवरच्या दिव्याच्या. समोरच्या ओळीत कोपऱ्यातली एक पिन बिनकामाची, पुढच्या दोन रिसेटच्या आणि शेवटच्या दोन हार्ड डिस्कच्या दिव्याच्या. दोन्ही दिव्यांची धन बाजू रिकाम्या कोपऱ्यापासून सर्वांत लांबच्या पिनेवर येते.

बटणाला धन-ऋण नसते, कसेही लावले तरी चालते. दिवा उलटा लागला तर पेटत नाही एवढेच. काढून फिरवून लावावा.

जुन्या कॅबिनेटमध्ये एक अडचण ठरलेली असते. पॉवरच्या दिव्याची खोबण तीन घरांची असते, मधले घर रिकामे असते आणि नव्या बोर्डावर मात्र शेजारी-शेजारी दोनच पिना असतात. खोबणीच्या अंगाला प्लास्टिकची बारीक जीभ असते. ती सुईने किंचित उचलली की आतली धातूची पिन वायरीसह बाहेर येते. ती मधल्या घरात सरकवावी, की काम झाले. हे जमत नसेल तर दोन जंपर वायरी वापराव्यात.

वायरीवर नाव नसेल आणि बटणाची जोडी ओळखायची असेल, तर मल्टिमीटर आवाजाच्या खुणेवर ठेवून एकेक जोडी तपासावी. बटण दाबल्यावर जी जोडी वाजते आणि सोडल्यावर गप्प होते, ती बटणाची.

एक कडक इशारा. १९९० च्या दशकातल्या एटी पद्धतीच्या कॅबिनेटमध्ये पुढचे बटण हे घरातल्या दिव्याच्या बटणासारखे असे. दाबले की दाबलेलेच राही, आणि त्यातून थेट २३० व्होल्ट जात. असे कॅबिनेट अजून कोणाच्या माळ्यावर असेल तर त्याच्या बटणाची वायर बोर्डाला कधीही लावू नये. त्या डब्याला माळ्यावरच राहू द्यावे.

यूएसबी : चार रंगांचा हिशेब

यूएसबीची पहिली पद्धत १९९६ साली आली, २.० पद्धत २००० साली आणि ३.० पद्धत २००८ साली. जुन्या कॅबिनेटमध्ये २.० असते. प्रत्येक पोर्टाला चार वायरी : लाल म्हणजे पाच व्होल्ट, पांढरी आणि हिरवी या माहितीच्या, काळी म्हणजे जमीन.

बोर्डावर २.० चे हेडर नऊ पिनांचे असते आणि त्यावर दोन पोर्ट बसतात. येथेही कोपऱ्यातली एक पिन गाळलेली असते. गाळलेल्या कोपऱ्याच्या विरुद्ध टोकापासून मोजले तर दोन्ही ओळींत क्रम सारखाच : लाल, पांढरी, हिरवी, काळी. एका ओळीत पाचवी जागा रिकामी, दुसऱ्या ओळीत पाचवी पिन असते पण तिला काम नसते.

नव्या बोर्डांवर हे हेडर अजूनही दिले जाते, म्हणून कॅबिनेटची खोबण एकसंध नऊ घरांची असेल तर ती सरळ बसते. अडचण येते ती त्याहून जुन्या कॅबिनेटची. त्या काळात सर्व बोर्डांचा क्रम एक नव्हता. काहींवर दुसरी ओळ उलट्या क्रमाने असे. म्हणून कॅबिनेटवाले वायरी सुट्या सोडत किंवा चार-चार घरांच्या दोन पट्ट्या देत. अशा वायरी वर दिलेल्या क्रमाने एकेक करून बसवाव्यात. पाचवी वायर असेल तर ती बहुधा आच्छादनाची, म्हणजे जमिनीची असते. ती बिनकामाच्या पिनेवर ठेवता येते किंवा टेप लावून बांधून टाकता येते.

रंगावर आंधळा विश्वास ठेवू नये. स्वस्त कॅबिनेटमध्ये रंग मनमानी असू शकतात. पोर्टाच्या आत चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन विजेच्या, एक पाच व्होल्टची आणि दुसरी जमिनीची. मधल्या दोन माहितीच्या. मल्टिमीटरचे एक टोक पट्टीला आणि दुसरे वायरीच्या खोबणीला लावून कोणती वायर कोठे जाते ते वाजवून पाहावे. काळी वायर पोर्टाच्या लोखंडी कवचाशीही बहुधा वाजते.

हे का करावे? मधल्या दोन वायरी उलटल्या तर पेन ड्राइव्ह ओळखला जात नाही, पण जळत नाही. कडेच्या दोन उलटल्या तर तो जळतो. धन आणि जमीन यांची अदलाबदल ही या सगळ्या कामातील सर्वांत महाग चूक आहे.

दिसायला सारखे, पण घातक

इलेक्ट्रॉनिक्समध्ये खोबण बसली म्हणजे जोडणी बरोबर झाली, असे नसते. जुन्या बोर्डांवर फायरवायर नावाच्या पद्धतीचे हेडर असे. त्यातही दोन ओळी, नऊ पिना आणि त्याच कोपऱ्यात गाळलेली जागा. यूएसबीची खोबण त्यावर आरामात बसते. पण यूएसबीची काळी वायर जेथे येते, तेथे फायरवायरच्या पिनेवर बारा व्होल्ट असतात. पुढे लावलेली वस्तू जळते, आणि कधी बोर्डालाही इजा होते. काही जुन्या कॅबिनेटमधून फायरवायरची वायरही निघते, ती नव्या बोर्डाच्या यूएसबी हेडरवर लावू नये. तिच्या टोकाला टेप लावून बाजूला बांधावी. हेडरच्या शेजारी छापलेले नाव वाचल्याशिवाय कोणतीही खोबण दाबू नये.

निळी खोबण : नवे कॅबिनेट, जुना बोर्ड

काही ठिकाणी उलटा प्रकार असतो. कॅबिनेट नवे घेतले, त्यातून निळ्या किंवा काळ्या रंगाची एकोणीस घरांची रुंद खोबण निघते, आणि जुन्या बोर्डावर तिला बसायला जागाच नाही.

एकोणीस हा आकडा समजून घ्यावा. ३.० पद्धतीत एका पोर्टाला नऊ वायरी लागतात. त्यांत चार त्याच जुन्या, आणि पाच नव्या, वेग वाढवणाऱ्या. दोन पोर्टांच्या अठरा आणि वर एक ओळखीची. म्हणजे ३.० च्या पोटात २.० पूर्ण शाबूत आहे. म्हणूनच बाजारात मिळणारे एकोणीस पिनांवरून नऊ पिनांवर आणणारे जोडपट्टे काम करतात. ते जुन्या चार वायरी घेतात आणि नव्या पाच सोडून देतात. पोर्ट चालतो, वेग मात्र २.० चा, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ४८० मेगाबिट. ३.० चा वेग पाच गिगाबिट, म्हणजे कागदावर दहा पटीहून अधिक.

हा फरक आपल्याला बोचतो का, ते कामावरून ठरवावे. बारकोड स्कॅनर, कीबोर्ड, बिलाचा प्रिंटर, सहीचे टोकन यांना २.० पुरेसे आहे. रोजच्या हिशेबाची नक्कल लहान असते, तिलाही तो पुरतो. लग्नाचे व्हिडिओ करणारे, छपाईच्या मोठ्या फाइली नेणारे आणि मोठी बाहेरची हार्ड डिस्क भरणारे यांना मात्र रोज वाट पाहावी लागेल. त्यांनी बोर्डाच्या लहान पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसणारे यूएसबी ३.० चे कार्ड घ्यावे, ज्याच्या अंगावर एकोणीस पिनांचे हेडर आहे. काही कार्डांना पॉवर सप्लायची वेगळी वायर लागते, ती न लावल्यास पोर्टाला पुरेशी वीज मिळत नाही. विंडोज ८ पासून पुढे अशा कार्डांचा आधार आतच असतो. विंडोज ७ वर ड्रायव्हर घालावा लागतो.

उलट दिशेचा जोडपट्टाही मिळतो. नव्या बोर्डावरील नऊ पिनांचे हेडर कार्ड रीडरने अडवले असेल, तर निळे हेडर रिकामे ठेवण्याऐवजी त्यावर असा पट्टा लावून जुन्या कॅबिनेटची २.० ची वायर जोडता येते.

खबरदारी दोन. निळ्या हेडरच्या पिना बारीक असतात आणि खोबण घट्ट बसते. तिरकी ओढली तर पिन वाकते, कधी प्लास्टिकचे कवचच बोर्डावरून उपटून येते. दोन्ही बाजूंनी धरून सरळ वर काढावी. आणि एका हेडरच्या दोन करणाऱ्या साध्या वाय-वायरी घेऊ नयेत. यूएसबीच्या एका धाग्यावर एकच वस्तू बोलू शकते. साध्या वायरीने दोन वस्तू एकत्र बांधल्या तर दोन्ही अडखळतात. दोन हवे असतील तर ज्याच्या आत हबची चिप आहे असाच पट्टा घ्यावा.

नव्या कॅबिनेटला पुढे टाइप-सी पोर्ट असेल तर त्याची खोबण आणखी वेगळी, लहान आणि घट्ट असते. एकोणीस पिनांच्या हेडरवरून तिला जोडणारे पट्टे मिळतात, पण वेग त्या हेडरचाच, पाच गिगाबिटपर्यंतचा राहतो. मोबाइल झटपट चार्ज होईल अशी आशाही त्यावर ठेवू नये.

आवाज : जुनी आणि नवी रीत

दुकानात आवाजाचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण आज मालाचे सौदे व्हिडिओ कॉलवर होतात, आणि मागच्या छिद्रातून हेडफोनची वायर ओढून आणणे गैरसोयीचे असते.

येथे दोन रिती आहेत. जुनी एसी ९७ आणि २००४ साली इंटेलने आणलेली एचडी ऑडिओ. दोन्हींचे हेडर सारखेच दिसते : नऊ पिना, पण गाळलेली जागा कोपऱ्यात नसून आत, एका ओळीत चौथ्या घरी. त्यामुळे यूएसबीची खोबण येथे बसत नाही, आणि बसवण्याचा हट्टही करू नये.

दोहोंतला फरक असा. एचडीमध्ये हेडफोन लावला की पोर्ट बोर्डाला कळवतो, आणि बोर्ड आवाज तिकडे वळवतो. एसी ९७ च्या पोर्टात ही कळवण्याची सोय नाही. म्हणून जुने कॅबिनेट नव्या बोर्डाला लावले की वायरी बरोबर असूनही आवाज येत नाही, कारण बोर्ड निरोपाची वाट पाहत बसतो.

आधी वायरीचे टोक नीट पाहावे. अनेक कॅबिनेटमध्ये एकाच वायरीला दोन खोबणी असतात, एकीवर एचडी आणि दुसरीवर एसी ९७ असे छापलेले असते. एचडीची लावावी आणि दुसरी मोकळी सोडावी. दोन्ही एकदम लावायच्या नसतात.

फक्त एसी ९७ च्या सुट्या वायरी असतील तर क्रम असा : पूर्ण पाच पिनांच्या ओळीत, गाळलेल्या जागेपासून लांबच्या टोकाकडून, पहिल्या पिनेवर माइक, दुसऱ्यावर माइकची वीज, तिसऱ्यावर उजवा आवाज, चौथी मोकळी, पाचव्यावर डावा आवाज. दुसऱ्या ओळीत त्याच टोकाच्या पहिल्या पिनेवर जमीन. परतीच्या म्हणून आणखी दोन वायरी असतात, त्यांवर उजवी आणि डावी परत असे लिहिलेले असते. एचडी बोर्डावर त्या लावू नयेत, टेप लावून ठेवाव्यात.

यानंतर बोर्डाला निरोपाची वाट पाहू नको असे सांगावे लागते. काही बोर्डांच्या बायोसमध्ये पुढच्या पॅनेलचा प्रकार एचडी की एसी ९७ असा पर्याय असतो, तेथे एसी ९७ निवडावे. तो नसेल तर विंडोजमध्ये आवाजाच्या ड्रायव्हरबरोबर आलेल्या प्रोग्रामात पुढच्या छिद्राची ओळख बंद करण्याचा पर्याय शोधावा. रियलटेकच्या प्रोग्रामात तो आढळतो. हे झाले की एवढा वेळ मुका असलेला पोर्ट बोलू लागतो.

कोठे नाद सोडावा

ऑफिसांतून उतरलेले नामांकित कंपन्यांचे संच आपल्या बाजारात पुष्कळ येतात. मजबूत असतात, स्वस्तही पडतात. पण त्यांचा डबा आणि बोर्ड एकमेकांसाठीच घडवलेले असतात. पुढची बटणे, दिवे, यूएसबी आणि आवाज मिळून एकच चपटी पट्टी असते आणि तिच्या पिनांचा क्रम कंपनीचा स्वतःचा असतो. कित्येकदा पॉवर सप्लायची खोबणही वेगळी, आणि मागचा पत्रा डब्यालाच जोडलेला असतो. अशा डब्यात बाजारातला बोर्ड बसवण्याच्या खटाटोपात जेवढा वेळ आणि पैसा जातो, त्यात साधे नवे कॅबिनेट येते. हा संच आहे तसाच वापरावा किंवा आहे तसाच विकावा.

पुढचा पोर्टच मोडलेला असेल, त्याची जीभ तुटली असेल किंवा आतल्या पट्ट्या वाकून एकमेकींना लागल्या असतील, तर वायरी जुळवून उपयोग नाही. अशा वेळी बोर्ड चालू होताना स्क्रीनवर ओव्हर करंटची सूचना देऊन बंदही होऊ शकतो. मग घाबरून बोर्ड बदलायला नेऊ नये. पुढच्या यूएसबीची वायर बोर्डावरून काढून पाहावी. मशीन सुरळीत चालले तर दोष पोर्टाचा. जुन्या कॅबिनेटमध्ये फ्लॉपी किंवा सीडीची खिडकी असते, तिच्यात बसणारे तयार यूएसबी पॅनेल मिळते. तेही नको असेल तर मागच्या पोर्टाला चांगली लांब वायर आणि हब लावून हब टेबलावर चिकटवावा. डोळ्यांना बरे दिसत नाही, पण काम होते.

चाचणी केल्याशिवाय भरवसा नको

जोडणी पूर्ण झाली म्हणून लगेच हिशेबाचा पेन ड्राइव्ह किंवा सहीचे टोकन पुढे लावू नये. आधी मशीन चालू करून पोर्टाच्या कडेच्या दोन पट्ट्यांत मल्टिमीटरने व्होल्ट मोजावेत. पाचच्या आसपास, म्हणजे ४.७५ ते ५.२५, आणि धन बाजू योग्य जागी असावी. मोजताना मल्टिमीटरचे टोक एकाच वेळी दोन पट्ट्यांना लागू देऊ नये. नंतर एखादा जुना, गेला तरी हळहळ वाटणार नाही असा माउस लावावा. तो चालला तर रिकामा पेन ड्राइव्ह लावून एक फाइल टाकावी, काढावी, पुन्हा उघडून पाहावी. सगळे ठीक असेल तरच कामाच्या वस्तू लावाव्यात.

वीज आहे पण वस्तू ओळखली जात नाही, तर पांढरी आणि हिरवी उलटली आहेत का ते पाहावे, आणि बायोसमध्ये ते हेडर बंद तर नाही ना याची खात्री करावी. ३.० वर वस्तू मध्येच तुटत असेल तर पुढची वायर हलकी असण्याचा संभव आहे. तेथे २.० चा जोडपट्टा लावून सावकाश पण खात्रीने काम घ्यावे.

हुनर आणि इमान

शेवटी दोन शब्द दोन्ही पक्षांना.

व्यापारी बांधवांनी कॅबिनेट बदला असे ऐकल्यावर एवढेच विचारावे : कोणती खोबण जुळत नाही आणि बोर्डावर कोणते हेडर आहे? जाणकार मिस्त्री बोट ठेवून दाखवील. जो दाखवू शकत नाही त्याच्या सांगण्यावरून चांगला डबा भंगारात घालणे म्हणजे इस्राफ आहे. त्याचबरोबर कारीगराचे मोल द्यायला मागेपुढे पाहू नये. जोडपट्टा स्वस्त आहे म्हणून त्याची एक तासाची नजर आणि हात फुकट ठरत नाहीत.

दुरुस्तीचे काम करणाऱ्या आपल्या तरुणांनी यात एक संधी पाहावी. भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, प्रत्येक पेठेत अशी अर्धी बंद मशीन पडून आहेत. मल्टिमीटर, पाच-सहा प्रकारचे जोडपट्टे आणि जंपर वायरींची एक पुडी एवढ्या भांडवलावर हे काम सुरू होते. मात्र गिऱ्हाइकाला वेग कमी मिळणार असेल तर तो आधी सांगावा. २.० चा पट्टा लावून ३.० चे पैसे घेणे आणि मापात कमी कापड देणे, दोन्ही एकच. खरे सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येते, आणि बरोबर आणखी दोघांना आणते.

आज दुकान वाढवण्यापूर्वी आपल्या मशीनच्या पुढच्या पोर्टात एक पेन ड्राइव्ह लावून पाहावा. चालला तर हिशेबाची नक्कल घेऊनच उठावे. नाही चालला तर काय करायचे ते आता आपणास ठाऊक आहे.

अल्लाह आपणा सर्वांच्या हलाल कमाईत बरकत देवो. आमीन.